एका जन्मतिथीचे साक्षीदार

शिवाजी महाराज शिवनेरीवर जन्मले हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. कोणत्या साली, असे विचारले की मात्र वडीलमंडळींतही दोन तट पडतात. आमच्या घरी तर हमखास पडत. वडिलांच्या क्रमिक पुस्तकात १६२७ छापलेले, माझ्या हाती आलेल्या ग्रंथांत १६३०. पुस्तके दोन्ही शहाण्यांचीच! मग खरे कोणते धरावयाचे? या एका प्रश्नापायी मी बखरी चाळू लागलो, आणि चाळता चाळता ध्यानात आले की, पुस्तक काय सांगते यापेक्षा त्याने ते कोणाकडून ऐकले, हे आधी पाहावे लागते.

१६२७ चा मुख्य आधार म्हणजे बखरी. मल्हार रामराव चिटणीसांची बखर शके १५४९ चा वैशाख मास सांगते. पण चिटणीस लिहावयास बसले ते १८१० च्या सुमारास, म्हणजे महाराजांच्या जन्माला जवळजवळ एकशे ऐंशी वर्षे लोटल्यावर. शिवाय तिथीबाबत बखरींचे आपापसांतही जमत नाही. कुणी द्वितीया म्हणतो, कुणी पंचमी. आपल्या पणजोबांचा जन्मवार तरी आपल्यापैकी किती जणांना छातीठोकपणे सांगता येईल? सभासद मात्र महाराजांच्या पदरचा माणूस. त्याने जिंजीस राजाराममहाराजांसाठी बखर लिहिली, गडांच्या आणि खजिन्याच्या याद्याही दिल्या. पण जन्मतिथीचा शोध घेणाऱ्याच्या पदरात तो काही टाकीत नाही.

दुसरी बाजू उजेडात आली ती एका घरातल्या जुन्या कागदांमुळे. भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांकडे एक शकावली होती. शकावली म्हणजे सालवार टिपणे. ना वर्णन, ना अलंकार. अमुक शके, अमुक तिथी, अमुक घडले, इतकेच. ती लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि त्यांनी १९१६ साली प्रसिद्ध केली. तीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी नोंद निघाली. महाराष्ट्रात एकच खळबळ उडाली! लहानपणापासून पाठ केलेले साल सोडून द्यावयाचे, तेही कुणाच्या घरच्या चार पानांसाठी?

विरोधकांचा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. एकटा साक्षीदार, तोही नकललेल्या कागदाच्या रूपाने. पण पुढे दोन साक्षीदार आणखी उभे राहिले, आणि तेही अगदी भिन्न मुलखांतले. तंजावरास कवींद्र परमानंदाचे ‘शिवभारत’ सापडले; स. म. दिवेकरांनी ते १९२७ साली छापले. परमानंद महाराजांच्या काळातला कवी. त्याचीही तिथी शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीयाच. तिकडे जोधपुरास, मोगल बादशहा आणि रजपूत राजे यांच्या पत्रिकांच्या जुन्या संग्रहात, महाराजांची कुंडली निघाली. तीही तोच दिवस दाखविते. मावळातला देशमुख, तंजावरास सापडलेला संस्कृत कवी आणि मारवाडचा जोशी यांनी संगनमत करून एक तिथी ठरविली, असे म्हणावयास फारच धाडस हवे.

येथे एक गंमत सांगितली पाहिजे. हाच परमानंद लढाया वर्णू लागला की मी सावध होतो. स्तुतिकाव्य ते; रक्ताच्या नद्या वाहणारच. जन्मतिथी चुकवून मात्र त्याला काहीच लाभ नव्हता. उलट सुरतेच्या इंग्रज वखारवाल्यांची पत्रे घ्या. त्याच काळची, तारीखवार लिहिलेली, १६६४ च्या सुरत लुटीसाठी तर अमोल. पण हीच मंडळी महाराजांच्या मृत्यूच्या बाजारगप्पाही कळवीत. १६८० पूर्वी त्यांच्या कानांवर महाराज एकदा सोडून अनेकदा वारले होते! डोळ्यांनी पाहिलेली लूट निराळी आणि बंदरावर ऐकलेली वार्ता निराळी. कागद मात्र एकाच दप्तरातला. बखरीही म्हणून मी फेकून देत नाही. दीडशे-दोनशे वर्षांनी लोक महाराजांविषयी काय मानीत होते, हे तिच्याइतके चांगले दुसरे कोण सांगणार?

राहता राहिला पंचांगाचा घोळ. शकात ७८ मिळविले की इसवी सन येतो, हा हिशेब आपल्याला पाठ असतो. पण फाल्गुन येतो वर्षाच्या शेवटी, तोवर इंग्रजी साल बदललेले असते. म्हणून १५५१ चा फाल्गुन १६२९ मध्ये न पडता १६३० मध्ये पडतो. बरे, त्या काळी इंग्रजांचे पंचांगही जुने, ज्युलियन. त्याप्रमाणे तो शुक्रवार १९ फेब्रुवारीचा. आजच्या ग्रेगोरियन गणनेने पाहिले तर तोच १ मार्च. आता सरकारी सुट्टी १९ फेब्रुवारीला असते आणि पुष्कळ गावांत तिथीप्रमाणे फाल्गुनात पुन्हा मिरवणूक निघते. लोक म्हणतात, इतिहासकारांचे अजून एकमत नाही. पण या दोन्ही मिरवणुका निघतात त्या जेध्यांच्या त्या एकाच शुक्रवारासाठी.