नऊ इकडे, नऊ तिकडे

सायकलच्या दुकानात वाढलेल्या माणसाला सायकल दिसण्याआधी ऐकू येते. मागच्या पावसाळ्यात एका सकाळी माझा भाचा दुधाचे कॅन घेऊन आला तेव्हा मी आत चहा पीत होतो. गल्लीच्या तोंडापासून खरखर येत होती आणि मधूनच एक 'कट्' असा आवाज. बाहेर न पाहताच मी म्हणालो, "मागचा हब गेला रे तुझा."

"चाक फिरतंय ना मामू अजून," तो म्हणाला.

फिरत होते, हे खरे. भाचा सोळा वर्षांचा, अकरावीत. खेड्यातून पूर्णेपर्यंत रोज पहाटे नऊ किलोमीटर, कॅरेजवर वीस लिटर दूध. रतीब घालून तो तसाच कॉलेजात जातो. मोटारसायकलचा परवाना निघायला दोन वर्षे बाकी आहेत आणि बहिणीचे घर सध्या त्या दुधावर चालते. सायकल गियरची, जाड टायरची. आपल्याकडे असल्या सायकलला कंपनी कोणतीही असो, 'रेंजर'च म्हणतात. आदल्या वर्षी एका मोठ्या शहरातल्या दुकानदाराने त्याला, "हब सुटा मिळत नाही, अख्खे चाकच घ्या," असे सांगून चाक दिले होते. ते आठ महिन्यांत असे कण्हू लागले.

मी अंगणात जुने वर्तमानपत्र पसरले आणि अब्बांची पत्र्याची पेटी काढली.

बैलगाडीच्या चाकाला मध्ये तुंबा असतो. त्यातून आस जातो, आणि भोवती आरे बसवलेले असतात. सायकलचा हब म्हणजे हाच तुंबा. फरक एवढाच की गाडीचा तुंबा आसावर घासत फिरतो, म्हणून त्याला सारखे वंगण द्यावे लागते; सायकलच्या हबमध्ये घासणाऱ्या दोन लोखंडांच्या मध्ये पोलादी छर्रे आले, आणि घासण्याचे घरंगळणे झाले. दिसायला किरकोळ फरक आहे. पण बैलाला जे ओढावे लागते ते माणूस दोन पायांनी ढकलू शकला, तो या फरकामुळे.

ही छर्ऱ्यांची युक्ती सायकलला लावण्याचे पेटंट पॅरिसच्या ज्यूल सुरिरे या कारागिराने १८६९ साली घेतले. त्याच वर्षी नोव्हेंबरात पॅरिस ते रुआँ ही १२३ किलोमीटरची शर्यत झाली. ती जेम्स मूर या इंग्रज तरुणाने साडेदहा तासांच्या आसपास वेळात जिंकली. त्याच्या सायकलला हेच छर्रे होते असे सांगतात. पण छर्रे सगळे सारखे गोल असले तरच उपयोग. एक जरी मोठा निघाला तरी सगळा भार त्याच्यावर येतो आणि तो फुटतो. हजारो छर्रे एकाच मापाचे घासणारे यंत्र जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट गावी फ्रीडरिश फिशर याने १८८३ मध्ये बनवले. आज आपल्या विहिरीवरच्या मोटरीत आणि डोक्यावरच्या पंख्यात जी बेअरिंग फिरते, तिचा कारखानी जन्म त्या यंत्रातून झाला.

तेव्हाच्या सायकलला आणखी एक खोड होती. चाक फिरले की पायडल फिरणारच. उतार आला की पाय वर उचलून धरायचे, नाहीतर पायडल नडगीवर बसायचे. फ्रीव्हीलने, म्हणजे आपल्या मिस्त्री लोकांच्या 'फ्रायव्हील'ने, ती कटकट संपवली. हे फ्रीव्हील उघडून पाहिले तर आत दोन छोटे खटके दिसतात, केसासारख्या बारीक स्प्रिंगवर टेकलेले. पुढे ओढले की दातांना धरतात, मागे सोडले की दातांवरून टकटक करत घसरतात. आमच्या धंद्यात त्यांना 'कुत्रे' म्हणतात. भुंकतात आणि चावून धरतात म्हणून असेल. मी पुष्कळ कविता लिहिल्या, पण इतकी नेमकी उपमा मला काही सुचली नाही. ती कुण्या अंगठेबहाद्दर मिस्त्रीला सुचून गेली. १९०३ मध्ये श्वाइनफुर्टच्याच फिख्टेल आणि झाक्स कंपनीने तर फ्रीव्हील आणि ब्रेक दोन्ही हबच्या पोटातच बसवले. पायडल उलटे मारले की गाडी थांबायची. हा उलटा ब्रेक लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचे आहे.

आपल्या मराठी मुलखाचा सायकलशी संबंधही जुना. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात १८८८ मध्ये सुरू केले ते सायकलचे दुकान; नांगर आणि पंप नंतर आले. आमच्या मराठवाड्यात तेव्हा निजामाचे राज्य होते. हैदराबादहून मनमाडला जाणारी मीटरगेज एकोणिसावे शतक संपता संपता गोदावरीच्या खोऱ्यातून आली, आणि १९१२ मध्ये पूर्णेहून हिंगोलीचा फाटा निघाला. पूर्णा जंक्शन झाले, लोको शेड आली. शेड आली म्हणजे फिटर आले, पाळीच्या ड्युट्या आल्या, आणि रात्री दोन वाजता घरून निघायला सायकल लागू लागली. अब्बांनी स्टेशनजवळ दुकान टाकले ते या गिऱ्हाइकांच्या भरवशावर. चार आणे तासाने भाड्याच्या सायकली, पंक्चर, आणि वर्षातून एकदा 'ओव्हरऑइलिंग'. मूळ शब्द ओव्हरहॉलिंग आहे हे मला बी. ए. ला गेल्यावर कळले. पण आजही मला अब्बांचाच शब्द बरोबर वाटतो, कारण त्यात निदान तेल तरी आहे.

शेडमधल्या फिटरला इंजिनाच्या बेअरिंगची सवय. तो अब्बांच्या खांद्यावरून वाकून पाहायचा आणि त्यांची चूक काढायचा. कोन फार आवळला तर छर्रे कोनाला खड्डे पाडतात. सैल ठेवला तर चाक डुलते. बरोबर आवळलेल्या चाकाचा व्हॉल्व्ह कुठेही सोडला तरी स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली येऊन थांबतो. ही परीक्षा मी दहाव्या वर्षी शिकलो. त्याआधी शिकलो मोजणी. मागच्या हबमध्ये पाव इंची छर्रे, एका बाजूला नऊ आणि दुसऱ्या बाजूला नऊ. वाटीत दहावा मावेल असे वाटते, पण घालायचा नाही. फिरायला जागा लागते. अब्बा घरच्या दख्खनीत म्हणायचे, "नौ इधर, नौ उधर. गिनके डाल." फुटलेला एकच छर्रा बदलून चालत नाही, अठराच्या अठरा नवे घालायचे, हाही त्यांचा नियम होता. गिऱ्हाईक त्याला खर्चाचा बहाणा समजायचे. फिशरच्या यंत्राची गोष्ट वाचल्यावर मला त्या नियमाचे कारण समजले.

हे हब आधी विलायतेहून यायचे. महायुद्धाच्या सुमारास वरळीला हिंद सायकल निघाली. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये मद्रासला टीआय, १९५१ मध्ये सोनिपतला अॅटलस. आणि लुधियाना. तिथे मुंजाल बंधू आधी सुटे भाग विकत होते. मुंजाल कुटुंबाच्या इतिहासात एक हकीकत येते. फाळणीच्या वेळी त्यांचा एक मुसलमान मित्र, सीट बनवणारा करीम दीन, पाकिस्तानात निघाला. त्याच्या मालावर 'हीरो' हे नाव असे. ते नाव आम्ही वापरू का, असे मुंजालांनी विचारले आणि तो हो म्हणाला. १९५६ मध्ये त्याच नावाची सायकल निघाली, आणि १९८६ मध्ये तो जगातला सर्वात मोठा सायकल कारखाना म्हणून गिनेस बुकात गेला. करीम दीनने त्या नावाचा एक पैसा घेतला नाही म्हणतात. त्या दिवसांत माणसे घरेदारे सोडून जात होती, काहींची हिसकावली जात होती. त्यात एकाने मित्राला नाव देऊन टाकले. आमच्या दुकानात हीरोचे खोके उघडायचे तेव्हा यातले काहीही आम्हाला ठाऊक नव्हते.

आता त्या उलट्या ब्रेककडे येतो. १९७० नंतर अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या मरीन परगण्यात काही उनाड पोरे भंगारातल्या जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरावर नेऊन खाली सोडू लागली. ऑक्टोबर १९७६ मध्ये त्यांनी शर्यत लावली. साडेतीन किलोमीटरांत सुमारे चारशे मीटरचा उतार. हबमधला ब्रेक इतका तापायचा की आतले ग्रीस जळून धूर निघायचा, आणि खाली पोहोचल्यावर हब उघडून नवे ग्रीस भरावे लागायचे. ग्रीस पुन्हा भरण्याला इंग्रजीत रीपॅक म्हणतात, म्हणून त्या उताराचे नावच रीपॅक पडले. त्या पोरांतल्या जो ब्रीझने १९७७ मध्ये खास अशा वापरासाठी सांगाडा बनवला, आणि १९८१ पासून माउंटन बाइक कारखान्यात बनू लागली. अंगणात बसून हे भाच्याला सांगितले तेव्हा तो हसला. "म्हणजे त्यांचंपण मागचं चाकच जळत होतं!"

त्याचे चाक जळले नव्हते, एक्सल वाकला होता. उजव्या कोनाला खड्डे, छर्ऱ्यांपैकी दोन फुटलेले. त्याचे कारणही इतिहासातच आहे. एका दात्याच्या फ्रीव्हीलसाठी जो हब बनला, त्याच्याच आट्यांवर कंपन्यांनी पुढे सहा-सात दात्यांचे फ्रीव्हील चढवले. दाते वाढले तशी उजवी बेअरिंग आत सरकली, आणि एक्सलचा उजवा तुकडा आधाराविना उरला. रस्ता चांगला आणि बसणारा एकटा असेल तर चालून जाते. वीस लिटर दूध आणि आमच्या काळ्या मातीतले खड्डे असतील तर तो वाकणारच. यावरचा उपाय जपानच्या शिमानो कंपनीने १९७८ मध्ये बाजारात रूढ केला. कुत्रे हबच्याच अंगात घेतले, दाते त्यावर सरकवले आणि बेअरिंग थेट कडेला नेली. गंमत अशी की सुऱ्या-चाकूंसाठी प्रसिद्ध असलेल्या साकाई गावात १९२१ मध्ये ही कंपनी निघाली, तेव्हा तिचा पहिला माल फ्रीव्हीलच होता.

म्हणून मी ठरवले की चाक नाही, हब बदलायचा, आणि तो या कडेच्या बेअरिंगचा घ्यायचा. आधी मोजमाप केले. रिमला भोके किती? आपल्या साध्या काळ्या सायकलला इंग्रजांपासून पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक चालत आले. या रिमला ३६ निघाले. फोर्कच्या आतली रुंदी १३५ मिलिमीटर. साध्या सायकलला ती साधारण ११० असते, तिथे हा हब ठोकूनही बसणार नाही. ब्रेक रिमवर की डिस्कचा, तेही पाहिले. रिमवरचाच होता. चुकीचा हब आणला की माणूस रिमला, मग फोर्कला दोष देत बसतो.

दुकानदार फोनवर सीलबंद बेअरिंगचा घ्या म्हणत होता. ती वाईट नसते. तिच्यावर ६००१ असा नंबर असतो, आणि तो नंबर जगभर एकाच मापाचा. सायकलवाल्याकडे नसली तर मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे विचारून पाहावे. पण ती ठोकून काढावी लागते, बसवताना तिरकी गेली तर हबचेच घर खराब होते. मी वाटी आणि कोनचा हब मागवला. शिमानो आजही असे हब करते. भाच्याला दोन पाने देऊन ते अंगणात उघडता येतात.

हब आला, पण जुने स्पोक आखूड पडले, कारण नव्या हबच्या चकत्या वेगळ्या मापाच्या. नवे स्पोक मागवण्यात आणखी चार दिवस गेले. तेवढे दिवस दूध शेजाऱ्याच्या ऑटोने आले आणि नफा ऑटोत गेला. चाक भरायला पूर्णेत आता एकच म्हातारे मिस्त्री उरले आहेत. पूर्वी अब्बांच्या दुकानात पोऱ्या म्हणून होते. त्यांनी स्पोक भरले, आउट काढला, मजुरी सांगितली नाही. दिली तेव्हा मात्र मोजून घेतली.

भाच्याला मी एवढेच बजावले की वॉशिंग सेंटरच्या जोराच्या पाण्याचा फवारा हबवर मारू नको, आत पाणी जाते आणि ग्रीस निघते. चाक कडेकडेने हलवून बघत जा. पावसाळा संपला की उघड.

दिवाळीच्या सुट्टीत त्याने ते उघडले, मी फक्त बसून होतो. रॉकेलमध्ये धुतलेले छर्रे त्याने वर्तमानपत्रावर ओळीने मांडले. जपानच्या हबमधून पाव इंचीच निघाले, आणि तेही अठरा. एक घरंगळून उंबऱ्याखाली गेला. तो टॉर्च आणायला उठला.

"सतराच घातले तर, मामू?"

"टॉर्च आण," मी म्हणालो.