बियाणे कोणाचे? परसबाग, गायरान आणि आपला इतिहास

गावगाड्याचे गोडवे गाणाऱ्या लिखाणात एक वाक्य हमखास सापडते. पूर्वी गावात बियाणे विकत घ्यावे लागत नव्हते, शेजाऱ्याकडून शेजाऱ्याला मिळत होते. वाक्य खोटे नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे की, हा शेजारी कोण होता?

बेंबळी घ्या किंवा धाराशिव जिल्ह्यातले दुसरे कोणतेही गाव घ्या. महारवाडा आणि मांगवाडा गावाच्या शेजारी नव्हता, गावाबाहेर होता. देवघेव बरोबरीच्या माणसांत होते. आमच्या वाट्याला बलुते होते. सुगीत खळ्यावर मालकाची रास झाली की मग आमची पाळी. ज्वारीची भरदार कणसे बियाण्यासाठी आधीच बाजूला काढलेली असत. म्हणजे बलुत्यात मिळे ते खायचे धान्य, पेरायचे नव्हे. आणि पेरायचे म्हटले तरी कुठे? हाडकी-हाडवळ्याचा एखादा तुकडा, त्यातही दहा भावकीचे वाटे.

पण पेरणी, खुरपणी, काढणी, मळणी, निवडणे, पाखडणे या कामांना हात कोणाचे होते? आमच्या आज्यांचे. शिजवलेले अन्न विटाळत होते, पाणी विटाळत होते, कोरडे बी मात्र विटाळत नव्हते! जातीचा कायदा मालकाच्या सोयीने कसा वाकतो, ते इथे पाहावे. ज्ञान आमच्याकडे आणि जमीन दुसऱ्याकडे, ही गावगाड्याची खरी रचना होती.

हा जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी बाबासाहेब आपल्याच जिल्ह्यातील कसबे तडवळे इथे आले, महार-मांग वतनदार परिषदेसाठी. परिषदेच्या नावातच दोन गोष्टी आहेत. एक, महार आणि मांग एका मांडवात. दोन, वतन, म्हणजे ज्या जोखडाने माणसाला गावाच्या चाकरीला बांधले आणि बदल्यात खळ्यावरचे पसाभर धान्य दिले ते. आपल्या तरुणांना महाडचे तळे पाठ असते, तडवळे मात्र माहीत नसते, याचे आम्हाला वाईट वाटते.

मग आमचे स्वतःचे बियाणे कुठे होते? घराच्या मागे. न्हाणीचे पाणी जिथे वाहत जाते तिथे दोडक्याचा, भोपळ्याचा, कारल्याचा वेल असे. कुडावर घेवडा, कडेला अंबाडी, चार झाडे वांग्याची. सातबारा लागत नाही अशी ही एकच शेती. तिचे बियाणे बाईच्या हातात असे. वेलावरचा पहिला चांगला दोडका तोडायचा नाही, तो तिथेच वाळून खुळखुळू द्यायचा. भोपळ्याच्या बिया राखेत घोळायच्या किंवा शेणाच्या गोवरीत दाबून ती भिंतीला थापायची. पेरणीच्या वेळी गोवरी फोडली की बी तयार. बाकीच्या बियांची चिंधीत पुरचुंडी बांधून चुलीच्या वर आढ्याला टांगायची, म्हणजे धुराने कीड लागत नाही. आणि लेक सासरी निघाली की चोळीच्या खणाबरोबर दोन पुरचुंड्या. एका वाड्यातले वाण दुसऱ्या गावच्या वाड्यात गेले ते असे, लेकीबाळींच्या पायांनी. गाव ज्या वाटेने देत नव्हते, तिथे सोयरिकीची वाट होती.

यात शास्त्रही आहे. घेवडा, टोमॅटो यांचे परागीभवन बहुतेक त्याच फुलात होते, म्हणून त्यांचे वाण वर्षानुवर्षे तसेच राहते. दोडका, भोपळा, काकडी यांचे तसे नाही. त्यांची नर फुले वेगळी, मादी फुले वेगळी, मधमाशी फिरली की शेजारच्या वेलाचा गुण उतरतो. त्यामुळे एकाच घरात एकाच वेलाचे बी वर्षानुवर्षे धरले तर वेल कमकुवत होत जातो आणि अधूनमधून बाहेरचे बी आणावे लागते. अदलाबदल हा केवळ प्रेमाचा व्यवहार नाही, पिकाची ती गरज आहे. आमच्या आज्यांना 'परागीभवन' शब्द माहीत नव्हता. वाण बदलायला हवे हे माहीत होते.

पुढे काय झाले? १९६३ साली राष्ट्रीय बीज निगम निघाले, १९६४ साली जालन्यात महिकोची सुरुवात झाली, १९७६ साली अकोल्यात महाबीज आले. आपल्या मराठवाड्यातले जालना बियाण्यांची राजधानी म्हणून ओळखले जाऊ लागले, आणि त्याची सुरुवात भेंडीच्या 'पुसा सावनी' या वाणापासून झाली, म्हणजे भाजीच्याच बियाण्यापासून. मधे १९७२ चा दुष्काळ पडला. लोकांनी अमेरिकेतून आलेला लाल मिलो खाल्ला, सुकडी खाल्ली, खडी फोडली. अशा वर्षी टांगलेली पुरचुंडीही सोडली जाते आणि शिजवली जाते. दुष्काळानंतर दुकानातले पाकीट आले. संकरित बियाणे पहिल्या पिढीत जोरदार पीक देते. त्याचे बी धरले तर पुढच्या वर्षी गुण विखुरतात. म्हणजे दरवर्षी पाकीट. ज्याच्याकडे पीककर्ज आहे त्याला ते परवडते, पण गायरान कसणाऱ्याला?

इथे आपला खरा इतिहास सुरू होतो. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, लाखो लोक तुरुंगात गेले. १९७८ आणि १९९१ च्या शासन निर्णयांनी गायरानावरील दलितांची अतिक्रमणे नियमित करण्याचे कागद निघाले. मराठवाड्यात एकनाथ आवाडांच्या मानवी हक्क अभियानाने १९९० पासून हा लढा गावोगाव नेला. तरीही आजही कित्येकांच्या नावे सातबारा नाही. सातबारा नाही म्हणून बँकेचे कर्ज नाही, कर्ज नाही म्हणून पाकीट उधारीवर, आणि उधारी दुकानदाराच्या भावाने. अशा माणसाला घरचे बी ही हौस नव्हे, ती उधारीतून सुटका आहे.

१९७८ च्या नामांतराच्या दंगलीत मराठवाड्यात आपली घरे जाळली गेली. पंचनाम्यात पत्रे येतात, भांडी येतात. आढ्याच्या पुरचुंडीला रकाना नसतो.

कोणी म्हणेल, बाबासाहेबांनी संविधान सभेत खेड्याला अज्ञानाचे आणि जातीयतेचे डबके ठरवले, आणि तुम्ही आज्जीच्या पुरचुंडीचे कौतुक सांगता? आम्ही खेड्याचे कौतुक सांगत नाही. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेबांनी शेती हा राज्याचा उद्योग असावा, गावातील कुटुंबांना जातिभेद न करता सामूहिक शेती कसायला द्यावी, असे मांडले. त्या शेतीला पाणी, जनावरे, अवजारे, खत यांच्यासोबत बियाणेही राज्याने पुरवावे, असे त्यात स्पष्ट आहे. बियाणे ज्याच्या हाती, शेती त्याच्या मुठीत, हे त्यांना कळत होते. राज्याने ते काम कंपन्यांवर सोडले असेल, तर आपण काय करायचे एवढाच आमचा मुद्दा आहे.

उत्तर फार लांब नाही. जुन्या निजाम राज्यातच, आज तेलंगणात असलेल्या झहीराबाद भागात, डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या संघमांतील बहुसंख्य दलित स्त्रिया १९८० च्या दशकापासून पडीक जमिनी कसत आहेत आणि भरडधान्यांची, कडधान्यांची शेकडो बियाणी घरोघरी जपत आहेत. बी उसने घ्यायचे आणि सुगीला वाढवून परत करायचे. दरवर्षी सजवलेल्या बैलगाड्यांतून बियाणे गावोगाव फिरते. नगर जिल्ह्यातील कोंभाळणे गावच्या आदिवासी शेतकरी राहीबाई पोपेरे यांनाही २०२० चा पद्मश्री याच कामासाठी जाहीर झाला. त्यांना 'बीजमाता' म्हणतात. आम्हाला 'माता' खटकते. पुरुषाने हे केले असते तर त्याला शास्त्रज्ञ म्हटले असते.

कायदाही आपल्या बाजूने आहे. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे शेतकऱ्याला आपले बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, बदलण्याचा, वाटण्याचा आणि विकण्याचा हक्क आहे. कंपनीने नोंदवलेल्या संरक्षित वाणाचे बी फक्त ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. २०१९ साली गुजरातच्या बटाटा उत्पादकांवर पेप्सिकोने खटले भरले, तेव्हा शेतकरी याच कलमावर उभे राहिले आणि कंपनीला खटले मागे घ्यावे लागले.

मृग जूनच्या पहिल्या आठवड्यात निघतो, वर्षावास आषाढी पौर्णिमेला सुरू होतो. विहारात ग्रंथवाचनाला आया-बहिणी जमतात, तिथेच एक पेटी ठेवता येईल. प्रत्येक पुडीवर वाणाचे नाव, कोणत्या वस्तीतून आले ते आणि कोणत्या साली धरले ते लिहावे. कारल्याच्या बीला कारले लिहून भागणार नाही, पांढरे की हिरवे तेही लिहावे. आणि बी देणाऱ्या बाईचे नाव, पूर्ण, आडनावासह.