चित्रकथेतील अक्षर आणि संगणकीय रेषा

मराठीत संगणकीय चित्रकथेविषयी जे थोडेबहुत लिहिले गेले आहे, ते रेषा आणि रंग यांपाशी थांबते. फुग्यातील अक्षराकडे कोणी फारसे पाहत नाही. वस्तुतः स्वतंत्र चित्रकथाकाराची वाटचाल, त्याने काय मिळविले आणि काय गमावले, हे या अक्षरावरूनच अधिक स्पष्ट होते.

गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये मुंबईत शिळाछापावर पंचांग छापले. शिळाछापात लेखनिकाचा बोरू आणि चित्रकाराचा कुंचला यांना एकच तेलकट शाई पुरते. दगडाच्या लेखी अक्षर आणि आकृती यांत भेद नसतो. खिळाछापाने ही एकता मोडली. अक्षर ओतशाळेकडे गेले आणि चित्र ठशाच्या रूपाने त्याच्या शेजारी येऊन बसले.

अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या 'अमर चित्रकथे'त ही फारकत व्यवस्थेचाच भाग बनली. राम वाईरकर, प्रताप मुळीक यांच्यासारख्या मराठी चित्रकारांची रेषा भारतभर पोचली. मात्र चौरंगी छपाईत काळा पत्रा बदलला की भाषा बदलता येते. फुगा हा रिकामा करून पुन्हा भरावयाचा साचा ठरला आणि त्याचे आकारमान बहुधा इंग्रजी वाक्यावरून ठरू लागले. मराठी मजकूर त्यात पाहुण्यासारखा येई.

या पार्श्वभूमीवर 'चिंटू'चे वेगळेपण लक्षात येते. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ही चित्रमालिका २१ नोव्हेंबर १९९१ पासून 'सकाळ'मध्ये रोज येऊ लागली. तिचा विनोद मराठी बोलीतच जन्मला असल्याने चौकटीची लय वाक्याच्या लयीला बांधलेली होती. पुढे ती 'लोकसत्ते'त आली. म्हणजे पात्र वृत्तपत्राचे नव्हे, निर्मात्यांचे होते. मराठी चित्रकथेच्या इतिहासात ही गोष्ट रेखाटनशैलीहूनही महत्त्वाची मानावी लागेल.

संगणक आला तो प्रथम रेषेसाठी. अमेरिकेत १९८५ मध्ये माइक साएंझ यांनी 'शॅटर' मॅकिन्टॉशवर माउसने रेखाटली; रंग मात्र हातानेच भरले गेले. त्या रेषेचा पायऱ्यापायऱ्यांचा खडबडीतपणा आज कौतुकाचा वाटतो, पण तो यंत्राचा होता, हाताचा नव्हे. दाब ओळखणारी लेखणी आणि १९९४ मध्ये फोटोशॉपमध्ये आलेले थर यांनी हाताला पुन्हा जागा दिली. रेखाटन, शाई, रंग आणि मजकूर वेगवेगळ्या थरांवर, पण एकाच माणसाच्या ताब्यात आले.

देवनागरीची कथा मात्र इतकी सरळ नाही. प्रचलित चित्रांकन-आज्ञावलींत युनिकोड देवनागरीचा ऱ्हस्व इकार आणि जोडाक्षरे बरीच वर्षे नीट जुळत नसत. म्हणून पुण्यातील 'श्रीलिपी'सारख्या आज्ञावलींचे जुने टंक चालू राहिले. हे टंक रोमन अक्षरांच्या जागा व्यापून बसलेले असत. तो टंक नसलेल्या संगणकावर पान उघडले की नायिकेच्या तोंडी निरर्थक रोमन चिन्हे उमटत. त्यावर उपाय एकच : पान पाठविण्यापूर्वी मजकुराचे आकृतीत रूपांतर करणे. शिळाछापाच्या दगडावर जे सहज होते, ते येथे नाइलाजाने घडले.

या अडचणीचे वाङ्मयीन परिणाम अभ्यासिले गेलेले नाहीत. अभिजीत किणी यांनी २०१२ मध्ये मुंबईत स्वतःच 'अँग्री मावशी' प्रकाशित केली. नऊवारीतील ही संतप्त मावशी पेहरावाने, पवित्र्याने अस्सल महाराष्ट्रीय आहे. बोलते मात्र इंग्रजीत. दोष केवळ टंकांवर टाकता येणार नाही. बाजारपेठ आणि वाचकवर्ग ही कारणे अधिक बलवत्तर असावीत. तरीही मराठी देह आणि परकी वाणी हा विसंवाद नोंदवावाच लागतो.

'एक टाइप' या मुंबईच्या संस्थेने केलेल्या 'मोदक', 'बलू' अशा गुबगुबीत टंकांमुळे आता देवनागरीला खेळकर रूपे मिळाली आहेत. पण टंक कितीही देखणा असला, तरी त्यातला प्रत्येक 'अ' सारखाच असतो. रागावलेल्या आणि कुजबुजणाऱ्या पात्राची शिरोरेषा एकाच जाडीची राहते. ज्या लेखणीने चित्रकथाकार पात्राची भुवई वाकवितो, तिनेच वेगळ्या थरावर त्याचे बोलणे लिहिणे आज त्याला शक्य आहे. त्यासाठी ओतशाळेची, छापखान्याची वा टंकाची परवानगी लागत नाही.