पोलीसविषयक माहिती व ग्रामपोलीस, खानदेशातील

आपल्या गावात वा वस्तीत पोलीस कोणत्या कारणाने आले, कोणता गुन्हा नोंदविला गेला, कोणाला अटक झाली, ही माहिती रहिवाशांना मिळण्याची व्यवस्था. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांच्या खानदेश प्रदेशात तिची स्थित्यंतरे विशेष स्पष्टपणे दिसतात. गावची खबर सरकारला मिळावी, याची तजवीज येथे फार पूर्वीपासून होती. पोलिसांच्या कामाची खबर गावाला मिळण्याचा हक्क मात्र कायद्याने अलीकडच्या काळात मान्य केला.

पूर्वपीठिका : मराठी अंमलात गावच्या बंदोबस्ताची जबाबदारी पाटलावर असे. जागल्या रात्री गस्त घाली व गावात आल्यागेल्यावर नजर ठेवी. खानदेशात हे काम बहुधा भिल्लांकडे असे. चोरी झाल्यास जागल्या चोराचा माग काढीत जाई. माग शेजारच्या गावाच्या शिवेत शिरला, की तो पुढे काढून देण्याची जबाबदारी त्या गावावर पडे. हा तपास लोकांच्या डोळ्यांदेखत चाले व त्याची वार्ता चावडीवर सर्वांना कळे. तथापि अठराव्या शतकाच्या अखेरीपासून लढाया, लूटमार व दुष्काळ यांमुळे गावे ओस पडली आणि ही घडी विसकटली. १८१८ मध्ये इंग्रजी अंमल सुरू झाल्यावर आरंभी भिल्लांविरुद्ध लष्करी मोहिमा झाल्या. त्या पुरेशा फलदायी न ठरल्याने १८२५ मध्ये भिल्लांचीच पलटण उभारण्यात आली. जेम्स उट्रम हा तिचा प्रमुख अधिकारी असून धरणगाव हे तिचे ठाणे होते.

इंग्रजी अंमल : मुंबई ग्रामपोलीस अधिनियम, १८६७ अन्वये पोलीस पाटलाचे अधिकार व कर्तव्ये निश्चित झाली, तर १८९० च्या जिल्हा पोलीस अधिनियमाने जिल्हा पोलीस दलाची रचना घालून दिली. पाटलाने गावातील संशयास्पद हालचालींची वर्दी वर द्यावयाची, असा शिरस्ता पडला. माहितीचा ओघ त्यामुळे एकाच दिशेने वाहू लागला. त्याचे टोकाचे रूप म्हणजे १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. नोंदणी झालेल्या जमातींतील लोकांना ठरावीक वेळी हजेरी द्यावी लागे व परगावी जाण्यासाठी परवानगी घ्यावी लागे. मुंबई इलाख्यात तो १९११ च्या सुधारित कायद्यानंतर लागू झाला आणि पुढे रद्द झाला. परंतु त्याने रुजविलेला संशय समाजमनातून गेला नाही.

स्वातंत्र्योत्तर काळ : वंशपरंपरागत पाटीलकी नष्ट झाल्यावर महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ अन्वये पोलीस पाटलाची नेमणूक शासनाकडून होऊ लागली. सार्वजनिक शांततेला बाधक अशा गोष्टींची माहिती ठाण्यास कळविणे व गुन्ह्यांच्या प्रतिबंधास साहाय्य करणे, ही त्याची कर्तव्ये होत. तो गावातीलच असल्याने पोलीस कशासाठी आले होते, अशी विचारणा लोक प्रथम त्याच्याकडेच करतात. मात्र त्याची कायदेशीर जबाबदारी प्रामुख्याने वरिष्ठांप्रती आहे.

नागरिकांचे हक्क : सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात (१९९६) अटकेची वार्ता नातलग वा मित्रास देणे बंधनकारक केले. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये पोलीस कार्यालयाकडे अर्ज करता येतो. उत्तराची मुदत सामान्यतः ३० दिवसांची, तर जीवित वा स्वातंत्र्याचा प्रश्न असल्यास ४८ तासांची आहे. तपासास किंवा आरोपीच्या अटकेस अडथळा येईल अशी माहिती नाकारता येते. २०१६ च्या एका निर्णयान्वये प्रथम खबरी अहवाल शक्यतो २४ तासांत संकेतस्थळावर ठेवावा लागतो. लैंगिक अत्याचार, दहशतवाद इ. संवेदनशील गुन्हे यास अपवाद आहेत. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने अटक झालेल्यांची नावे, पत्ते व गुन्ह्याचे स्वरूप प्रत्येक पोलीस ठाण्यात व जिल्हा मुख्यालयी ठळकपणे लावण्याची तरतूद ठेवली आहे. फिर्यादीस अहवालाची प्रत विनामूल्य मिळते आणि तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत कळवावी लागते. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला, तरी जवळच्या ठाण्यात तो नोंदविता येतो. भुसावळसारख्या ठिकाणी, जेथे शहराचे पोलीस व लोहमार्ग पोलीस यांच्या हद्दी वेगळ्या आहेत, ही तरतूद विशेष उपयोगी होय.

अडचणी : हे हक्क लेखी अर्ज व संकेतस्थळ यांवर बहुतांशी अवलंबून आहेत. सातपुड्यातील धडगाव, अक्कलकुवा या तालुक्यांत भिल्ली व पावरी या बोली प्रचलित असून वस्त्या विखुरलेल्या आहेत. साहजिकच तेथे छापील सूचनेपेक्षा तोंडी वार्तेवर अधिक भिस्त असते.

विश्वसनीय माहितीची जागा अफवेने घेतल्यास काय घडते, याचे दारुण उदाहरण धुळे जिल्ह्यातच आढळते. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, आठवडे बाजाराच्या दिवशी, मुले पळविणारी टोळी असल्याच्या संशयावरून जमावाने पाच जणांना ठार मारले. त्यांपैकी बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील असून ते नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीचे, भिक्षेकरी होते. अशी टोळी फिरत असल्याच्या अफवा त्यापूर्वी भ्रमणध्वनीवरील संदेशांद्वारे पसरल्या होत्या. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने जमावहत्या रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात समन्वय अधिकारी नेमण्याचा व अफवांना आळा घालण्याचा आदेश दिला. अनोळखी माणसाविषयी शंका आल्यास ठाण्यास कळविणे आणि ठाण्याने खरी हकीकत गावास तत्काळ सांगणे, या दोन्ही गोष्टी परस्परपूरक आहेत. एकीच्या अभावी दुसरी निष्फळ ठरते, हे राईनपाड्याच्या घटनेने सिद्ध झाले.