ध्वनिमुद्रणातील पातळी-नियंत्रण

ध्वनीच्या सर्वांत मंद व सर्वांत मोठ्या पातळ्यांमधील अंतर मुद्रण-माध्यमाच्या मर्यादेत बसविण्याची प्रक्रिया. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या विद्युत् मंडलांना कंप्रेसर (संकोचक) व लिमिटर (मर्यादक) म्हणतात. ठरावीक पातळी ओलांडली, की संकोचक वरच्या भागाची वाढ प्रमाणाने कमी करतो. उदा., प्रमाण ४:१ असल्यास मर्यादेपेक्षा १२ डेसिबेल मोठा आलेला आवाज केवळ ३ डेसिबेलनी वर जातो. हे प्रमाण १०:१ किंवा त्याहून अधिक असले, तर त्या मंडलास सामान्यतः मर्यादक म्हणतात.

भारतात व्यापारी ध्वनिमुद्रणास १९०२ मध्ये कलकत्ता येथे फ्रेड गेसबर्ग यांच्या मुद्रणांनी प्रारंभ झाला. त्या काळी गायक कर्ण्यासमोर गात असे व तारसप्तकात जाताना मागे सरकत असे. पातळी-नियंत्रणाचा हा पहिला मार्ग होय. १९२५ च्या सुमारास मायक्रोफोन व विवर्धक आल्यावर हे काम तंत्रज्ञाच्या हाती आले. आवाज फार मोठा झाल्यास तबकडीवरील शेजारची खोबण कापली जाई, तर फार लहान झाल्यास तो खरखरीत बुडे. नभोवाणीत अडचण निराळी होती. वाहक तरंगाचे विरूपण शंभर टक्क्यांपलीकडे गेले, की प्रक्षेपणात विकृती येई व शेजारच्या केंद्रांना उपद्रव होई. म्हणून १९३० नंतरच्या दशकात नभोवाणी केंद्रांसाठी स्वयंचलित मर्यादक तयार झाले व तेथून ते ध्वनिमुद्रणगृहांत आले. १९६७ मध्ये बिल पुटनम यांनी निर्वात नलिकांऐवजी क्षेत्र-परिणाम ट्रँझिस्टर वापरणारा शीघ्रगती मर्यादक तयार केला.

मराठवाड्यातील श्रोत्यांपर्यंत यंत्रांतून आलेला आवाज प्रथम तबकडी व नभोवाणी यांद्वारे पोहोचला. हैदराबाद संस्थानातील हैदराबाद व औरंगाबाद येथील नभोवाणी केंद्रे १९५० मध्ये आकाशवाणीकडे आली. १९६३ मध्ये निघालेली कॅसेट १९८० नंतर भारतात सर्वत्र पसरली आणि भजनी मंडळे व लोककलावंत यांचे मुद्रण मोठ्या शहरांबाहेरही शक्य झाले. मात्र साध्या कॅसेटचा उपयुक्त आवाका सु. ५० डेसिबेल असल्याने मुद्रण करतानाच संकोचन करणे बहुधा अपरिहार्य होते. अनेक साध्या मुद्रण-यंत्रांत तर स्वयंचलित पातळी-नियंत्रण बसविलेलेच असे व ते बंद करता येत नसे.

या पद्धतीचा परिणाम हिंगोली जिल्ह्यातील भजनपरंपरेच्या उदाहरणावरून स्पष्ट होतो. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यातील नरसी हे परंपरेनुसार संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. औंढा नागनाथ हे विसोबा खेचरांशी त्यांच्या झालेल्या भेटीचे स्थान होय. वारकरी भजनात टाळांचा आघात क्षणिक पण अतितीव्र असतो, पखवाजाची थाप खालच्या स्वरात भारी असते आणि गायकाचा आवाज या दोहोंमधून वाट काढतो. एकाच मायक्रोफोनवर संकोचक लावल्यास नियंत्रण टाळाच्या हाती जाते. प्रत्येक ठोक्याबरोबर गायकाचा आवाज खाली दबतो आणि ठोका ओसरताच पुन्हा वर येतो. मधल्या विरामात पंख्याची घरघर व रस्त्यावरचा गलबला उसळतो. असे मुद्रण पुढे कितीही सुधारले, तरी अभंगाच्या आळवणीतील चढउतार पूर्ववत होत नाहीत. किती दाबले गेले, याची नोंद फितीवर राहत नाही.

अंकीय मुद्रणाने या प्रश्नाचे स्वरूप बदलले. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या काँपॅक्ट डिस्कचा १६-बिट आवाका सु. ९६ डेसिबेल आहे. २४-बिट मुद्रणाचा सैद्धांतिक आवाका सु. १४४ डेसिबेल असून चांगल्या परिवर्तकांत प्रत्यक्षात सु. १२० डेसिबेल मिळतो. घरातील एका खोलीत थाटलेल्या मुद्रणगृहातही अशी साधने आता वापरली जातात. अंकीय पद्धतीत शून्य डेसिबेल ही सर्वोच्च मर्यादा असून तिच्यापलीकडील तरंगशिखर कापले जाते. त्यामुळे सर्वोच्च शिखरे उणे १२ ते उणे ६ डेसिबेलपर्यंत राहतील, अशी पातळी ठेवल्यास मुद्रणाच्या वेळी संकोचकाची गरज सहसा भासत नाही. संगणकातील मर्यादक परिवर्तकानंतर काम करतो. म्हणून परिवर्तकात कापले गेलेले शिखर तो वाचवू शकत नाही. ते काम परिवर्तकाआधी जोडलेले मंडलच करू शकते. अनपेक्षित आघातांपासून संरक्षण म्हणून असे मंडल क्वचितच कार्यान्वित होईल इतक्या उंच मर्यादेवर ठेवतात. काही ध्वनिमुद्रक विशिष्ट स्वरगुणासाठी संकोचन मुद्रणातच करतात, मात्र तो निर्णय नंतर मागे घेता येत नाही.

सीडीच्या काळात प्रत्येक मुद्रण इतरांहून मोठे वाजावे, या स्पर्धेतून अतिसंकोचन वाढले. जाणवणारी पातळी मोजण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत २००६ मध्ये आली व २०१० मध्ये युरोपीय प्रसारण संघाने तिच्यावर आधारित शिफारस केली. कार्यक्रमांची पातळी प्रसारणाच्या वेळी समान केली जात असल्याने अतिसंकोचनाचा लाभ तेथे उरला नाही. मौखिक परंपरेच्या जतनात असंकोचित मूळ मुद्रण राखून ठेवणे व प्रसारणासाठी त्याची संकोचित प्रत वेगळी करणे महत्त्वाचे ठरते. कारण अशी प्रत मूळ मुद्रणावरून केव्हाही करता येते, पण संकोचित प्रतीवरून मूळ परत मिळवता येत नाही.