रक्ताची साक्ष आणि हृदयाची झडप

जुने हकीम रोग्याची शीर उघडून रक्त काढत. याला ते फस्द म्हणत. ते रक्त भांड्यात स्थिर ठेवले की काही वेळाने त्याचे थर होत. तळाशी काळपट, त्यावर लाल, त्यावर कधी पांढुरकी साय आणि सर्वांत वर पिवळसर पाणी. युनानी वैद्यकातील सौदा, खून, बलगम आणि सफरा या चार अख्लातांची कल्पना अशाच थरांवरून सुचली असावी, असे मत रॉबिन फाहरेयस या स्वीडिश शास्त्रज्ञाने मांडले होते. ते कोणास पटो वा न पटो. ज्याच्या अंगात ताप व दाह आहे त्याच्या रक्तावर ती पांढुरकी साय जाड येते, हे मात्र वैद्यांनी शतकानुशतके डोळ्यांनी पाहिले होते. तांबड्या पेशी झपाट्याने तळाला गेल्या म्हणजे वर ती साय उरते.

पुढे या निरीक्षणाला मोजमाप मिळाले. १८९७ साली वॉर्सा येथील एडमंड बिएर्नात्स्की यांनी पेशी खाली बसण्याच्या वेगाचा रोगाशी संबंध दाखविला. १९१८ मध्ये फाहरेयस गर्भधारणा ओळखण्याची चाचणी शोधत असता गरोदर स्त्रीच्या रक्तात हा वेग वाढलेला त्यांना आढळला. १९२१ साली आल्फ वेस्टरग्रेन यांनी क्षयरोग्यांवर काम करून पद्धत पक्की केली. उभ्या काचनळीत सायट्रेट मिसळलेले रक्त घ्यायचे आणि एका तासात पेशी किती मिलिमीटर खाली उतरल्या ते वाचायचे. नाक्यावरच्या पॅथॉलॉजीच्या कागदावर ‘ई. एस. आर.’ म्हणून जो आकडा येतो, तो हाच. दाह असला की यकृत फायब्रिनोजेन नावाचे प्रथिन जास्त बनवते, त्यामुळे पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि जड होऊन लवकर बुडतात.

आता हृदयाच्या झडपेचा यात काय संबंध? वाकोला, गोळीबार या आपल्या सांताक्रूझच्या दाट वस्त्यांत एका खोलीत सहा-आठ माणसे झोपतात. एका मुलाचा घसा धरला की पाठोपाठ भावंडांचाही धरतो. सगळेच घसे धोक्याचे नसतात, पण काही स्ट्रेप्टोकॉकस जंतूमुळे बिघडतात. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी एखाद्या मुलाला ताप येतो, आज गुडघा तर उद्या घोटा सुजतो. जंतूशी लढण्यासाठी शरीराने तयार केलेली शस्त्रे चुकून स्वतःच्याच हृदयावर चालतात. सांधे महिन्याभरात पूर्ववत होतात, त्यामुळे आईबाप निश्चिंत होतात. झडपेवर मात्र वण राहतो. पाच ते पंधरा हे या संधिवाताच्या तापाचे मुख्य वय, म्हणजे नेमके शाळेचे वय.

या तापाचे निदान करणारी एकच एक चाचणी अजूनही नाही. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट व फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात एक पदार्थ सापडला. रोगी बरा होताच तो नाहीसा होई. त्यालाच पुढे सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन हे नाव पडले. तो संधिवाताच्या तापातही वाढतो आणि दाह शमताच काही दिवसांत उतरतो. ई. एस. आर. मात्र आठवडेच्या आठवडे रेंगाळतो. १९३२ मध्ये टॉड यांनी ए. एस. ओ. चाचणी दिली. ती दाह दाखवीत नाही, स्ट्रेप्टोकॉकस येऊन गेल्याची खूण तेवढी सांगते. केवळ हा आकडा जास्त आला म्हणून पाय दुखणाऱ्या धडधाकट मुलाला वर्षानुवर्षे पेनिसिलिन टोचणे हा आपल्याकडचा एक अनाठायी प्रकार आहे. १९४४ साली डकेट जोन्स यांनी लक्षणे व चाचण्या एकत्र जोडून निदानाचे नियम घालून दिले. त्यांत सुजलेले सांधे आणि हृदयाचा दाह यांना मोठे स्थान आहे. रक्ताच्या आकड्यांना दुय्यम साक्षीदाराचे स्थान आहे, आणि ते योग्यच आहे.

साक्षीदार फसवतोही. आपल्या मुलींत पंडुरोग सर्रास असतो. त्याने ई. एस. आर. उगाच वाढतो. उलट हृदय थकून अंगावर सूज आली असता तो कमी दिसू शकतो. गरोदरपणी तर तो वाढायचाच, हे फाहरेयस यांनी दाखविलेच होते.

परंतु सर्वांत मोठा धडा १९५५ साली मिळाला. ब्रिटन, अमेरिका व कॅनडा येथील डॉक्टरांनी मिळून मुलांच्या तीन गटांना अ‍ॅस्पिरिन, कॉर्टिसोन आणि ए. सी. टी. एच. देऊन पाहिले. संप्रेरके दिलेल्या मुलांचा ताप व ई. एस. आर. लवकर खाली आला. वर्षभराने तिन्ही गटांची हृदये तपासली तेव्हा फारसा फरक आढळला नाही. रक्त थंड झाले, म्हणून झडप वाचली असे झाले नाही! ‘रिपोर्ट नॉर्मल आला’ म्हणून मिठाई वाटणाऱ्या घरांनी ही गोष्ट जरूर ऐकावी. रक्त आग लागली आहे का ते सांगते. आगीत काय जळाले ते सांगत नाही.

जळालेले बरेच उशिरा दिसते, आणि आपल्या देशात तर त्याला पुरता उशीरही लागत नाही. पाश्चात्त्य देशांत झडप आकसायला वीस-वीस वर्षे लागत. आपल्याकडे ती वयाच्या विशीआधीच आकसलेली आढळते, हे दिल्लीच्या डॉ. सुजॉय रॉय व सहकाऱ्यांनी १९६३ साली जगापुढे मांडले. एखाद्या मुलीचा विकार पहिल्या बाळंतपणात धाप लागते तेव्हा उघड होतो. कित्येकदा तो घरच्यांना आधीपासून ठाऊक असतो आणि लग्न मोडेल या भीतीने लपविलेला असतो. शाळाही त्याच भीतीने सुटते. ही लपवाछपवी मला त्या जंतूइतकीच घातक वाटते.

मुंबईत के. ई. एम. रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी १९५०च्या दशकातच आकसलेल्या झडपा मोकळ्या करण्याच्या शस्त्रक्रिया केल्या. त्याच काळात, १९५५ साली, पुण्याजवळ पिंपरीच्या सरकारी कारखान्यात पेनिसिलिन बनू लागले. गरिबाच्या दृष्टीने मला ही दुसरी घटना मोठी वाटते. शस्त्रक्रिया परळला एकेकाची व्हायची. इंजेक्शन सांताक्रूझच्या कोपऱ्यावरच्या दवाखान्यातही मिळू शकते.

हे इंजेक्शन म्हणजे बेंझाथीन पेनिसिलिन. आपल्याकडे ते साधारणतः दर २१ दिवसांनी देतात. हृदयाला धक्का लागला नसेल तर पाच वर्षे किंवा २१ वर्षे वयापर्यंत, यांपैकी जे अधिक असेल तोवर. झडप कायमची बिघडली असेल तर किमान दहा वर्षे किंवा चाळिशीपर्यंत, कधी जन्मभर. ई. एस. आर. चांगला आला म्हणून ते थांबवायचे नसते, कारण ते आजच्या दाहासाठी नसून पुढच्या घसादुखीसाठी असते. प्रत्येक नवा झटका झडपेवर नवा वण ठेवून जातो. ॲलर्जीचा धोका असल्याने ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे. इंजेक्शन दुखते, मुले रडतात, आया कंटाळतात, गावी गेले की तारीख चुकते. रमजानमध्ये तर ते हमखास पुढे ढकलले जाते. वास्तविक स्नायूत दिलेल्या अशा इंजेक्शनाने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमांचे मत आहे. मनात किंतु असेल तर इफ्तारनंतर घ्यावे, पण त्याच दिवशी घ्यावे.