खांद्यातील कॅल्शियम : शस्त्रक्रियेशिवाय कोणते उपचार?

खांदा फिरवणाऱ्या स्नायूंच्या कंडरांमध्ये कॅल्शियमचे क्षार साचून दुखू लागते, त्या विकाराला कॅल्सिफिक टेंडिनायटिस म्हणतात. साध्या एक्स-रेमध्ये पांढरा ठिपका दिसतो. हा विकार बहुधा ३० ते ६० या वयात आणि स्त्रियांमध्ये अधिक आढळतो. तो आहारातील कॅल्शियममुळे होत नाही. त्यामुळे दूध किंवा नाचणी बंद करण्याची गरज नसते.

दुखणे अचानक का वाढते?
साठा बराच काळ खडूसारखा घट्ट आणि शांत राहू शकतो. शरीर तो शोषू लागले की तो टूथपेस्टसारखा मऊ होतो, सूज येते आणि रात्रीची झोप उडते. म्हणजे सर्वांत तीव्र वेदना हे अनेकदा साठा विरघळत असल्याचे लक्षण असते.

उपचारांची तुलना
- गोळ्या, बर्फाचा शेक आणि व्यायाम : सुरुवात येथूनच होते. अनेकांना एवढेच पुरते. वेदनाशामक गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास पोट आणि मूत्रपिंडांना त्रास होऊ शकतो.
- स्टेरॉइडचे इंजेक्शन : काही आठवडे चांगला आराम मिळतो, पण साठा त्याने जात नाही. मधुमेहींची साखर काही दिवस वाढू शकते.
- शॉकवेव्ह : बाहेरून ध्वनिलहरींचे धक्के देतात. जुन्या, घट्ट साठ्यासाठी याचा विचार होतो. सहसा आठवड्याच्या अंतराने काही बैठका लागतात. गर्भवतींना हा उपचार देत नाहीत.
- सुईने धुणे : जागा बधिर करून, सोनोग्राफीत पाहत सलाईनने साठा मोकळा करून काढतात. २०२३ साली ‘बीएमजे’त प्रसिद्ध झालेल्या नॉर्वे-स्वीडनमधील २२० रुग्णांच्या चाचणीत मात्र चार महिन्यांनी हा उपचार लुटुपुटीच्या उपचारापेक्षा सरस ठरला नाही.

पालघर-बोईसरच्या रुग्णांसाठी
तारापूर औद्योगिक वसाहतीतील कामगाराला रोजंदारी, पाळी आणि प्रवास यांचाही हिशेब करावा लागतो. गोळ्या आणि व्यायाम घराजवळ होतात. शॉकवेव्हसाठी विरार किंवा मुंबई गाठावी लागत असेल, तर बैठका किती आणि एकूण खर्च किती, हे आधीच विचारावे. कर्मचारी राज्य विमा योजनेतील पात्र कामगाराला डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर वर्षात कमाल ९१ दिवस, वेतनाच्या ७० टक्के दराने आजारपण-लाभ मिळतो. खांद्याच्या वर हात उचलून करायचे काम काही आठवडे टाळता आले, तर तोही उपचाराचाच भाग आहे.

डॉक्टरांकडे लगेच कधी जावे?
ताप, खांद्यावर लाली किंवा पडल्यानंतर हात उचलताच न येणे ही लक्षणे वेगळ्या आजाराची असू शकतात. सहा महिने नीट उपचार करूनही त्रास कायम राहिला, तरच शस्त्रक्रियेचा विचार होतो.